बाग दिली, विहीर नाही

मामंजी,

तुम्ही होतात तेव्हा मी तुमच्याशी सलग चार वाक्यंसुद्धा बोलले नाही. डोक्यावरचा पदर सावरत "हो" आणि "वाढू का?" एवढंच. आता माझेच केस पिकले, म्हणून धीर करते.

गिरणी बंद पडली त्या वर्षीची गोष्ट. शुक्रवार पेठेतल्या आपल्या घरामागे तुमची गुलाबांची बाग होती. शाळेतून आलात की पगडी खुंटीला लावून तुम्ही आधी तिकडे जायचात. गिरणीतली माणसं काम मागत दारोदार हिंडायला लागली, तेव्हा एका सकाळी तुम्ही स्वतः कुदळ घेऊन गुलाब उपटलेत. मागच्या वस्तीतल्या बायकांना बोलावून म्हणालात, "जमीन माझी, कष्ट सगळ्यांचे. पिकेल ते वाटून घेऊ." स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून मी ऐकत होते. मला तुमचा अभिमान वाटला. मग खाली बघत तुम्ही पुढचं बोललात, "पाणी मात्र मी काढून देईन. विहिरीला हात लावू नका. गल्लीतले लोक इथंच भरतात." त्यांनी शिवलेलं पाणी गल्लीत चालत नव्हतं, हे त्यांना वेगळं सांगायला नको होतं. त्यांच्यातली एक उंच बाई, गिरणीत रिळांवर काम केलेली, नुसती "व्हय मास्तर" म्हणाली.

अजून दिसतं मला. तुम्ही धोतर खोचून पोहरा ओढताय, पाटात ओतताय, पुन्हा ओढताय. बायका वाफ्यांतून पाणी फिरवताहेत, मध्येच कुणीतरी हसतंय. मेथी आली, अंबाडी आली, वांगी फुलावर आली. तुमच्या तळहातांना फोड आले तेव्हा उंच बाई म्हणाली, "मास्तर, आमी इतक्या जणी हाय की हितं. तुमी एकटंच कशाला मरताय?" तुम्ही ऐकलंच नाही असं दाखवलंत.

उन्हाळ्यात तुमची कंबर धरली. तुम्ही मागच्या पडवीत खाटेवर, कुशीवर वळणंही अवघड. वाफे तडकायला लागले. हे परगावी होते, म्हणून मीच दोर हातात घेतला. माझे दिवस भरत आले होते. दुसऱ्याच पोहऱ्याला डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी काठावरच बसले. उंच बाई धावत आली, पण हातभर अंतरावर थांबली.

"बाई, सोडा तो दोर. पोटात ल्येकरू हाय. मी वडते की."

मी तुमच्याकडे बघितलं. तिनंही बघितलं. पलीकडच्या गच्चीवर दोन माणसं उभी होती. तुमची नजर तिकडे गेली आणि तुम्ही डोळे मिटलेत.

"मास्तरास्नी इचारा," ती हळूच म्हणाली.

"नको. ओढा तुम्ही," मी म्हणाले आणि दोर तिच्या हातात दिला.

पाणी वाफ्यांत पोचलं. तुम्ही भिंतीकडे तोंड केलं होतं. संध्याकाळी मी पेज घेऊन आले तेव्हा म्हणालात, "सूनबाई, होकार ओठांपर्यंत आला होता." मी वाटी ठेवली आणि आत गेले. मामंजी, मला तुमची लाज वाटत होती, आणि तुमची लाज वाटते याचीही.

गल्लीनं आपल्या विहिरीवर येणं सोडलं. भटजींनी पंचांग सांगायला येणं थांबवलं. तुम्ही कुणापाशी तक्रार केली नाहीत, की माझ्यावर ढकललं नाहीत. कंबर बरी झाल्यावर एकदा दोराजवळ गेलात, उंच बाई ओढत होती, थोडा वेळ उभे राहिलात आणि परत आलात. माझ्या बाळंतपणात तिनं शेपूची जुडी आणली. ती तुम्ही तिच्या हातातून घेतलीत, चुलीपाशी आणून ठेवलीत. पुढे गिरणी सुरू झाली, बायका कामावर गेल्या. तुम्ही गुलाब पुन्हा लावले नाहीत.

परवा नातीनं विचारलं, आपली विहीर सगळ्यांना कुणी खुली केली? तुझ्या पणजोबांनी, मी म्हणाले. माझ्या मुलांनाही मी हेच सांगत आले. तुमचा मान राखायला सांगते की मला स्वतःला तसे मामंजी हवे होते म्हणून, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.