साखरेचे आकडे

बंगळूर, १२ जानेवारी २००३

प्रिय बाबा,
तुम्हाला आणि आईला नमस्कार.

“तू पाठवलेलं यंत्र रक्तातली साखर मोजतं, मग ती कमी का करत नाही?” या तुमच्या प्रश्नाचं उत्तर, एवढं शिकूनही, माझ्याकडे नाही.

आगाशीची सुकेळी पोचली. प्रयोगशाळेत सगळ्यांनी खाल्ली. वाळवलेल्या केळ्यांत साखर फार; चव बघायची म्हणून तुम्ही खात नाही ना?

तुम्ही पत्रात कळवलेले साखरेचे आकडे इतके छान होते की मला शंका आली. आईला फोनवर विचारलं, तर हसून म्हणाली, “अगं, ते बोट माझं टोचतात आणि आकडा स्वतःचा म्हणून लिहितात. पोरीला काळजी नको म्हणे.”

रागावले नाही, बाबा. पण तुमचं औषध तुमच्याच रक्तावरून ठरतं.

आज उपाशीपोटी माझीही साखर मोजली. एकशे अठरा, म्हणजे जरा जास्त. तुम्हाला कळवणार नव्हते. पण खरं तेच लिहिलं.

तुमची लेक,
क्षितिजा