चापाचा टाक

अण्णा, तुमचा चापाचा टाक मी गेल्या आठवड्यात कपाटातून बाहेर काढला, आणि तेव्हापासून मला नीट जेवण जात नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, टाक बघून कुणाची भूक मरते का, काहीतरीच बोलून राहिलीस. पण तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पाठोपाठ आईही गेली, आता विचारावं असं दुसरं कुणी उरलं नाही. म्हणून तुम्हालाच लिहिते. लातूरला टाकानं लिहिणारं माझ्याशिवाय कुणी असेल असं मला वाटत नाही. पोरं क्लासला जातात, उत्तरांचे गोल काळे करतात, घरी येतात. अक्षराचं कुणाला काय पडलंय. तरी शाळेत कुणी निवृत्त झालं की मानपत्र मात्र हातानं लिहिलेलंच लागतं, आणि त्या दिवशी सगळ्यांना मी, चित्रकलेची बाई, आठवते. नांदेडला तुमच्या शाळेत तुम्ही आठवायचात तशी.

साध्या टाकाची तुम्हाला लई चीड होती. निब त्या पत्र्याच्या खोबणीत दाबून बसवायची, शाई वाळून गंज चढला की ती निघता निघत नाही. तुम्ही ती फडक्यात धरून ओढायचात, नाही निघाली की पकडीनं, आणि एका दुपारी तर दातानं ओढलीत. ओठ कापला, हनुवटीवर शाई आणि रक्त एक झालं. आई भाकरी थापता थापता थांबली आणि म्हणाली, मास्तर लोक लेखणी खातेत हे म्या आजच बघून राहिले. त्यानंतर तुम्ही तो नाद घेतलात. मोडक्या छत्रीची नळी, बॉलपेनची स्प्रिंग, आईच्या तुटक्या लाटण्याचं लाकूड. नळीच्या तोंडाला पत्र्याचे दोन बारीक ओठ, आणि अंगठा येतो तिथं पितळेचं बटण. बटण दाबलं की ओठ उघडायचे आणि निब खाली गळायची. नवी आत सरकवून बटण सोडलं की ती घट्ट धरली जायची. ओढायचं नाही, दाबून बसवायचं नाही. पहिल्या खेपेला स्प्रिंग जास्त झाली आणि निब उडून आईच्या परातीत, पिठात जाऊन रुतली. टाक हाय का गलोल, म्हणत आईनं तुम्हाला स्वयंपाकघरातून हाकललं. मग सगळं जमून आल्यावर तुम्ही तो टाक शाळेत नेलात, सगळ्या मास्तरांना बटण दाबून दाखवलंत. पोरांची बोटं कापतात म्हणून केला, असं तुम्ही सांगायचात. मला लई अभिमान वाटायचा.

पोरांना तो टाक तुम्ही कधी दिला नाहीत, हे मात्र माझ्या लक्षात यायला इतका काळ जावा लागला. तो तुम्हीच वापरायचात. एक मानपत्र लिहिताना तुम्ही कितीदा तरी निब बदलायला लागलात. ओळ अर्धी व्हायची, तुम्ही कागद लांब धरून बघायचात, टक्‌ करून निब बशीत टाकायचात आणि दुसरी लावायचात. मी आठवीत-नववीत असेन. सुट्टीचा दिवस होता, स्वयंपाकघरात पाटावर फळी ठेवून तुम्ही लिहीत होतात, मी शाईची दौत धरून बसले होते. मी आपलं सहज म्हणाले, अण्णा, ओळीच्या शेवटाला अक्षरं बारीक होऊन राहिलीत. त्यात मी काय वाईट बोलले होते? तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत की दौत हातातून निसटते की काय असं वाटलं. "तुला कुणी विचारलं का?" तुम्ही ओरडलात. "निब खराब हाय. दिसत न्हाई?" आणि तो जवळजवळ पुरा झालेला कागद तुम्ही टराटरा फाडलात. मी अंगणात जाऊन रडले, आणि नंतर पुष्कळ वर्षं निब विकणाऱ्या दुकानदाराला मनातल्या मनात शिव्या दिल्या.

आमच्या मुख्याध्यापिका या महिन्यात निवृत्त होऊन राहिल्यात. त्यांचं मानपत्र मी चित्रकलेच्या वर्गात बसून लिहिलं. वाळायला ठेवलं तेव्हा मराठीच्या बाई बघायला आल्या. त्या चांगल्या आहेत, कुणाला टोचून बोलायच्या नाहीत. त्यांनी कागद वरून खाली वाचला, बोट ओळीच्या शेवटाला ठेवलं आणि हळूच विचारलं, जागा पुरली न्हाई का हो? मी बघितलं तर प्रत्येक ओळ डावीकडं ठसठशीत सुरू झालेली आणि उजवीकडं जाता जाता आकसलेली. आणि मी काय म्हणाले असेन, अण्णा? मी म्हणाले, निब खराब आहे. माझ्याच तोंडातून तुमचा आवाज आला.

त्या संध्याकाळी घरी येऊन तुमचा टाक काढला. साध्या टाकात निब बसवायला हल्ली माझी बोटं कुचराई करतात. ती उन्हाळ्यातल्या घामानं, असं मी मनाला सांगत होते. चापाच्या टाकात काहीच त्रास झाला नाही. जवळ होत्या त्या सगळ्या निबा मी लावून बघितल्या. जुन्या, नव्या, कागदात गुंडाळलेल्या कोऱ्या. कोऱ्या निबेचं तेल जायला तुम्ही ती काडीच्या आचेवर धरायचात, तशी धरली. प्रत्येकीनं पहिलं अक्षर झकास काढलं आणि शेवटचं मुंगीएवढं. बटण दाबायचं, टाकायची, दुसरी लावायची. बशी भरली. मग मी टाक खाली ठेवला, हात मांडीवर ठेवला, आणि मांडीवर नुसता पडलेला माझा अंगठा आपला आपण हलत होता. मी तो दुसऱ्या हातानं दाबून धरला. शेजारच्या खोलीत मुलगी फोनवर बोलत होती, ती बाहेर येईल म्हणून मी घाईनं सगळं आवरलं. तेव्हा मला कळलं की तुम्ही तो टाक कुणाच्या बोटांसाठी केला होतात.

मुलीला नाही म्हटलं तरी दिसलंच. ती इथं क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते, तिच्यापासून काय लपणार. तिनंच मला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी मला एक ओळ लिहायला लावली, आतून बाहेर गोल गोल जाणारी रेघ काढायला लावली, मनगट वाकवून बघितलं. कंपवाताची सुरुवात असू शकते, त्यात अक्षर असंच बारीक होत जातं, म्हणाले; नक्की मेंदूचे डॉक्टर सांगतील. त्यांच्याकडचा सोमवारचा नंबर मिळालाय. मग त्यांनी विचारलं, घरात आधी कुणाला होतं का? मुलगी माझ्या बाजूलाच बसली होती. मी म्हणाले, नाही. कुणालाच नाही. तुम्ही चमच्यानं वरण खाताना आई तुमच्या मनगटाखाली हात धरायची, ते माझ्या डोळ्यासमोर होतं, आणि मी नाही म्हणाले. दरवेळी घराण्यातच असतं असं काही नाही, ते आपले सर्वसाधारण बोलले. पण मी मुलीच्या हातांकडं बघत होते. माझं मला काही नाही, अण्णा. माझी नोकरी संपतच आली. ती तिशीचीसुद्धा नाही.

काल दुपारी मी तिला म्हणाले, एक ओळ लिहून दे, तुझं वळण बघायचंय. तिनं हसून लिहून दिली. ती आत गेल्यावर मी पट्टी घेतली आणि पहिल्या अक्षराची उंची मोजली, मग शेवटच्याची. सारखी भरली. परत मोजली. आणि पट्टी हातात असतानाच मला आठवलं की लग्नानंतर दर दिवाळीला मी नांदेडला आले की फराळाच्या ताटाआधी तुम्ही माझ्याकडनं एक ओळ लिहून घ्यायचात. लेकीचं अक्षर बिघडलं तर न्हाई ना, असं म्हणायचात आणि पट्टी लावायचात. मी वैतागायचे. एवढी मोठी बाई, नोकरी करणारी, आणि अजून हिची शुद्धलेखनाची वही तपासतात. मोजून झालं की तुम्ही एकदम खुशीत यायचात, मागून मागून करंज्या खायचात. आम्हाला वाटायचं अक्षरावर खूश झाले. शेवटच्या दिवाळीला तुम्ही दोनदा मोजलंत, करंजीला हात लावला नाहीत, आणि उठून तो टाक माझ्या पिशवीत ठेवलात. "लागंल तुला," एवढंच म्हणालात. तुमचा हात तेव्हा फार हलायचा, पट्टी नीट धरता येत नसेल म्हणून दोनदा मोजलं असेल. तसंच असेल ना? की तुम्हाला काही दिसलं होतं? हे एकच विचारायला मी लिहायला बसले, आणि तुम्ही काही सांगणार नाही. जिवंत असतानाही सांगितलं नसतंत.

मी पट्टी ठेवायच्या आत मुलगी बाहेर आली. काय मोजून राहिलीस, म्हणाली. वळण बघून राहिले, मी म्हणाले. तिनं कागद बघितला, पट्टी बघितली, माझा हात बघितला. मी तो पदराखाली घेतला. मग माझ्यासमोर बसली आणि अगदी हळू विचारलं, "आई, आजोबांना पण हेच होतं का?"

मला नाही म्हणायचं होतं. शब्द तोंडात तयार होता. "हाव," मी म्हणाले. तिनं माझा हात पदराखालून काढून आपल्या दोन्ही हातांत धरला. मग सोमवारी तसं सांगू डॉक्टरांना, म्हणाली, पण तिचा आवाज नेहमीचा नव्हता.

तुम्ही मला कधी काही सांगितलं नाहीत म्हणून टाक काढला त्या संध्याकाळपासून मला तुमचा राग येत होता. वाटायचं, विश्वास ठेवला असतात तर काय बिघडलं असतं. आता कालपासून सारखं वाटून राहिलंय की तुम्ही गप्प बसलात तेच बरं केलंत; इतकी वर्षं मी तरी बिनघोर लिहीत बसले. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, घडी घालून कपाटातही ठेवणार नाही, तिच्या हाती लागायला नको. आज सकाळी ती चहा गाळत होती. गाळता गाळता थांबली आणि स्वतःच्या हाताकडं बघत राहिली. मी दारातच होते, अण्णा, आणि मी काही न दिसल्यासारखं करून मागं फिरले.