अमरचे खाते आणि उरलेली मालमत्ता

मी, श्रीमती विमल सदाशिवराव गावंडे, वय सदुसष्ट, सेवानिवृत्त शिक्षिका, राहणार दिग्रस, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र राहत्या घरी स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझे हृदय थकले आहे असे डॉक्टर सांगतात. डोके थकलेले नाही, तसा त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. हे लिहायला मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट एकाने लिहू नका म्हणून विनवले; त्याविषयी पुढे येईलच. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर, सामानासह, माझी सून सुरभी अमर गावंडे हिला द्यावे. ती नोकरीसाठी मारेगावला राहते, तरी सुटीला यायला तिचे स्वतःचे दार असावे. मागच्या खोलीची खिडकी ओढून लावावी लागते, हे तिला माहीत आहे.

२. माझ्या नावावरचे साडेचार एकर शेत माझी नात पायल हिला द्यावे. ती सज्ञान होईपर्यंत सुरभीने पाहावे. माझे दीर वामनराव यांनी अमरच्या तेरवीला, पंगत उठायच्या आत, "वहिनी, वावराचं काय करता आता?" असे विचारले होते. त्याचे उत्तर वर दिले आहे. १९९४ साली त्यांनी नेलेली पितळी परात त्यांच्याकडेच राहू द्यावी. ती माझी आहे, एवढे त्यांनी लक्षात ठेवले तरी पुरे.

३. बँकेतील ठेव सुरभीला. माझ्या पाटल्या आणि इंग्रजी शब्दकोश पायलला. हा शब्दकोश यवतमाळच्या शाळेत सिस्टर फिलोमिना यांनी मला बक्षीस दिला होता. त्यांची एक रीत होती. चूक झाली की आम्ही ती वहीत पूर्ण वाक्यात लिहायची, खाली सही करायची, आणि मग जागेवर बसायचे. छडी त्यांनी कधी उचलली नाही. ती सही छडीपेक्षा जड जायची.

४. पुढच्या खोलीत खिडकीखाली जे काळे मशीन सुरू असते, ते लँटर्नचे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहिते. लँटर्नवर लोक एकमेकांशी बोलतात, फोटो आणि आवाज टाकतात. अशा इतर व्यवस्था कंपन्यांच्या असतात, हिला मात्र मालक नाही. देशोदेशीची माणसे तिचा प्रोग्राम फुकट लिहितात, तो कोणालाही वाचता येतो, आणि ज्या गावाला हवे ते गाव आपल्या मशीनवर ती चालवते. एकाने केलेला बदल दुसऱ्याने तपासल्याखेरीज आत घेत नाहीत. कोणी काय बदलले याची नावानिशी नोंद राहते. माझा मुलगा अमर हे काम करी. दिग्रसचे हे मशीन त्याने आणि त्याचा शाळेपासूनचा मित्र शाम राठोड याने मिळून बसवले. शामचे बसस्टँडजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचे दुकान आहे.

मी निवृत्त झाल्यावर वर्षभर नुसती बसून होते. तेव्हा अमर म्हणाला, "आई, सिस्टरांचं इंग्रजी तुह्यापाशी, घरची मराठी तुह्यापाशी. रिकामी काहून बसून राह्यली?"

"मले कॉम्प्युटर येते का रे?"

"तुले शब्द येतात. बाकीच्याले शाम हाये."

अशी मी लँटर्नचे मराठी करू लागले. प्रत्येक बटण, प्रत्येक सूचना. पहिले वाक्य पाठवले तेव्हा नागपूरच्या कोणा अनोळखी मुलीने ते तपासून खाली 'छान' लिहिले. बत्तीस वर्षे मी दुसऱ्यांच्या वह्यांवर शेरे मारले. माझ्या कामावर मिळालेला तो पहिला शेरा. अमरने त्या दिवशी कोपऱ्यावरून जिलबी आणली होती.

हे मशीन दिग्रसच्या वाचनालयाला द्यावे. ते शामने सांभाळावे असे मी लिहीत नाही. त्याला आधी विचारावे.

५. आता अमरच्या खात्याविषयी.

अमर ११ मार्च २०२२ रोजी पुसद रोडवर मोटरसायकलच्या अपघातात गेला. त्याचा फोनही त्यातच फुटला. उरले ते लँटर्नवरचे त्याचे खाते. त्यात तो बारक्या बारक्या ध्वनिफिती टाकायचा. कापसाच्या जिनिंगच्या आवारातला गलका, आमच्या लिंबावरचा भारद्वाज, आणि पायलला झोक्यावर बसवून म्हटलेले स्वतःच रचलेले वेडेवाकडे गाणे. पायल तेव्हा तीन वर्षांची होती. जेवताना सुरभी ते लावायची आणि पायल बाबाच्या आवाजाला घास दाखवायची.

पुढच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये मशीनमधली जागा भरली. लोकांचे फोटो चढेनात. शाम बहिणीकडच्या लग्नाला घाटंजीला गेलेला. लँटर्नच्या नव्या आवृत्तीत एक सोय आली होती: चारशे दिवस ज्याने काही लिहिले नाही त्याचे खाते आपोआप पुसायचे. मी ती सुरू केली. पडद्यावर इशारा आला. त्याचा प्रत्येक शब्द मीच मराठीत लिहिलेला होता, म्हणून तो न वाचता मी 'होय' दाबले.

अमरला जाऊन चारशेहून जास्त दिवस झाले होते.

एका मशीनने खाते पुसले की ते बाकीच्या मशीनांना कळवते, आणि जिथे जिथे प्रती असतील तिथून त्याही पुसल्या जातात. सोय चांगली आहे, मीच तिच्या बाजूने लिहिले होते. शाम मशीनची एक प्रत वेगळी ठेवायचा, पण मागच्या सात दिवसांपुरतीच. माझ्या लक्षात आले ते नवव्या दिवशी, सुरभीने फोन हातात धरून विचारले तेव्हा.

मी म्हणाले, डिस्क खराब झाली.

मशीन शामच्या सांभाळात होते. दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा सुरभी त्याला दारातच म्हणाली, "शामभाऊ, तुमाले एक काम सांगितलं होतं. एकच." शामने माझ्याकडे पाहिले नाही. "चुकलं वहिनी," एवढे बोलून तो पायऱ्या उतरला. त्या वर्षी दिवाळीला हंसाबाईंनी, त्याच्या आईने, डबा पाठवला होता. सुरभीने तो तसाच परत केला.

ती डिस्क कधीच खराब झाली नव्हती. अमरचे खाते मी पुसले. शाम लालसिंग राठोड याचा त्यात काही दोष नाही. हे पूर्ण वाक्यात लिहिले आहे, आणि खाली माझी सही आहे.

सुरभीला समोर बसवून सांगायला हवे होते. दोनदा चहा ठेवून बोलावलेही. पण ती "आई, साखर कमी टाका बरं, डॉक्टरनं सांगितलं" म्हणाली आणि मला ती हाक गमवायची नव्हती. हा स्वार्थ होता. याला दुसरे नाव नाही.

६. नंतर मी लँटर्नकडे एक बदल मागितला. खाते पुसण्याआधी मशीनने त्या माणसाने नेमलेल्या राखणदाराला विचारावे. प्रोग्राम शामने लिहिला, शब्द मी लिहिले. सुरभी मारेगावला असे त्या दिवशी तो यायचा. बाहेरच्या लोकांनी सात महिने चर्चा केली, दोनदा परत पाठवला, मग घेतला. कुठल्या कुठल्या गावांतून तो चालतो, मला माहीत नाही. एका कुटुंबाबाबत असे घडले, एवढेच मी त्यांना सांगितले होते.

या कागदाचा कच्चा खर्डा मागच्या आठवड्यात मी शामला वाचून दाखवला. तो पाचवे कलम ऐकून म्हणाला, "हे लिहू नका काकू. मले त्याच दिवशी समजलं होतं. मशीन सारं नोंदवून ठेवते, कोणी दाबलं ते बी."

"मग बोलला काहून नाही?"

"बोलून काय? वहिनीचा अमर तं गेलाच होता. तुम्ही बी गेल्या असत्या."

तो माझ्या शेजारी बसून सात महिने काम करत होता, आणि त्याला माहीत होते.

शामला मी काहीही देत नाही. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये म्हणतात, आणि या कागदावर मला त्याचीच साक्ष हवी आहे.

७. लँटर्नच्या संकेतस्थळावर काम करणाऱ्यांची यादी आहे, आडनावाप्रमाणे लावलेली. पायलला वाचता येऊ लागले आहे, तिला ती दाखवावी. गावंडे अमर. त्याच्या खाली गावंडे विमल. मध्ये कोणी नाही. ही यादी कोणी पुसत नाही. तेवढेच मी तिला तिच्या बाबाचे देऊ शकते.

८. माझे स्वतःचे खाते. त्याची राखणदार म्हणून मी सुरभीचे नाव घातले आहे. माझ्यानंतर चारशे दिवसांनी तिच्या फोनवर प्रश्न येईल: "हे माणूस आता बोलत नाही. याचे खाते राखायचे का?" ते वाक्य माझे आहे. तोवर तिने हा कागद कितीदा तरी वाचलेला असेल. सुरभी, 'नाही' दाबलेस तरी माझी तक्रार नाही. फक्त वाचून दाब.

वरील सर्व मी पुन्हा वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही केली, आणि त्यांनी माझ्यासमोर केली.

विमल स. गावंडे (सही)

साक्षीदार
१. डॉ. उज्ज्वला प्र. ढोले, दिग्रस (सही)
२. शाम लालसिंग राठोड, दिग्रस (सही. पाचवे कलम वगळावे, अशी माझी विनंती होती. काकूंनी ऐकले नाही.)

ठिकाण : दिग्रस
दिनांक : ९ नोव्हेंबर २०२५