न मोजलेला दगड

धुळे,
गुरुवार, ता. ३ एप्रिल २०२५

चि. सौ. प्रमिला हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद. श्री. उखर्डूराव यांस नमस्कार. येथील सर्व कुशल असून तुमच्याकडील कुशल कळवावे, असे लिहिण्याचा प्रघात आहे. चौपन्न वर्षांनी बहिणीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात ते वाक्य कितपत शोभते, हे तूच ठरव.

तुमच्या गावचे एक गृहस्थ शिंदखेड्याच्या बसमध्ये भेटले. त्यांच्याकडून पत्ता घेतला. त्यांनी फोनचा क्रमांकही देऊ केला होता. तो मी घेतला नाही. फोनवर बोललेले वाक्य परत घेऊन दुरुस्त करता येत नाही. पत्र तीन वेळा तपासल्याखेरीज मी पेटीत टाकत नाही, हे तुला आठवत असेलच. रस्त्यांच्या खात्यातील लोक मागे मला ‘तपासले-बरोबर’ म्हणत, कारण प्रत्येक कागदाखाली मी हेच दोन शब्द लिहून सही करीत असे.

तुझ्या वहिनीचे, लताबाईंचे गुडघे गेले आहेत. जीभ शाबूत आहे. आमचा मुलगा जितेंद्र दीपनगरला असतो. महिन्यातून एकदा येतो आणि माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या मोजून जातो.

पत्रास कारण की, येथील काही इतिहासप्रेमी तरुणांनी धुळे-जळगाव रस्त्यावरचे जुने मैलाचे दगड गोळा करून एका बागेत उभे करण्याचे मनावर घेतले आहे. चौपदरीकरणात पुष्कळसे दगड मातीखाली गेले. उरलेल्यांवर ते एक पुस्तिका काढीत आहेत. बैलगाड्यांकडून टोल घेत तेव्हाच्या नाक्याच्या पडक्या चौकीचेही छायाचित्र तीत आहे. आपले आजोबा सांगत, त्या नाक्यावर गाडीवानाला उतरून कोठून आलास, कोठे जातोस, याची उत्तरे द्यावी लागत. आता फास्टॅग आहे. कोणी काही विचारीत नाही. दांडा वर होतो आणि माणूस पुढे जातो.

त्या मंडळींचा प्रमुख हितेंद्र. मुलगा हुशार आहे. ऱ्हस्वदीर्घ मात्र देवाच्या भरवशावर सोडतो. म्हणून मजकूर शुद्ध करण्याचे काम माझ्याकडे आले. ता. २० रोजी प्रकाशन आहे. त्याच वेळी, ‘एकही आकडा न चुकवता’ दगडांच्या नोंदी ठेवणारा कारकून म्हणून माझा सत्कारही ठरला आहे.

पुस्तिकेच्या सतराव्या पानावर उखर्डूरावांचे नाव आले आहे. ते कोणत्या संदर्भात, हे पुढे कधीतरी लिहीन.

गेले पंधरा दिवस मला घरात बसवत नाही. सकाळी पारोळ्याची बस धरतो, चिंचफाट्याला उतरतो, थोडा चालतो आणि परत येतो. लताबाई विचारतात, “आज कोणत्या दगडाची तब्येत बिघडली?”

पंचांगातली अक्षय्य तृतीया, आपली आखाजी, जवळ आली आहे. तुझी प्रकृती कशी आहे, एवढे तरी कळव.

तुझा भाऊ,
प्रेमराज

*

धुळे,
शनिवार, ता. १२ एप्रिल २०२५

चि. सौ. प्रमिला हिस,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र परवा मिळाले. तू सांगितलेस आणि तुझी नात भूमिका हिने लिहिले, असे शेवटी आहे. मुलीचे अक्षर मोकळे आहे.

प्रथम एक गोष्ट कबूल करतो. पत्र उघडले तेव्हा माझ्या हाती लाल पेन्सिल होती. पहिल्या पानावर मी अकरा चुकांखाली रेघा ओढल्या. बारावी ओढताना, मी काय वाचतो आहे ते माझ्या लक्षात आले आणि मी पेन्सिल बाजूला ठेवली.

तू लिहिले आहेस, “भाऊ, आम्हना माणूसनी तुम्हनं नाव खराब करं. ते म्हनतस, मनीच चूक व्हयनी. मंग मी आखाजीले कोनतं तोंड लिसन येऊ? तुम्ही बी कधी मुराळी व्हईसन उनात नही. मी समजनू, तुम्हना राग गया नही.”

प्रमिले, चौपन्न वर्षे मी असे धरून चाललो होतो की तुला सर्व ठाऊक आहे आणि म्हणूनच तू येत नाहीस. आखाजीला घरोघरच्या मुली माहेरी येत, गल्लीतल्या निंबाला झोके बांधले जात आणि मी दार लावून वर्तमानपत्र वाचीत बसे. बहिणीला आणायला मुराळी म्हणून भाऊ जातो; मी गेलो नाही, कारण तुझ्या दारात मला काय ऐकावे लागेल याची मला भीती होती. आणि तू त्या दारात लाजेने बसली होतीस! माझ्याऐवजी!

आता जे घडले ते क्रमाने लिहितो.

सन १९७१ च्या उन्हाळ्यात रस्त्यावर मैलांऐवजी किलोमीटर आले. नवे कोरे दगड रोवून झाले होते. कोणत्या दगडावर कोणता आकडा घालायचा, याची यादी करण्याचे काम माझे होते आणि रंगवण्याचे काम उखर्डूरावांचे. त्यांना त्या टोळीवर मीच लावले होते. तुमच्या लग्नाला तेव्हा दोन वर्षे झाली होती. मी सायकलवर पुढे आणि ते चुन्याची बादली घेऊन मागे, असे आम्ही दगड मोजीत चाललो होतो.

चिंचफाट्याला वीस मैलांचा जुना दगड होता. तो बत्तिसाव्या किलोमीटरच्या जागेपाशीच असल्यामुळे साहेबांनी तेथे नवा दगड रोवला नव्हता. जुन्यावरच बत्तीसचा आकडा घालायचा होता. परंतु गावकऱ्यांनी त्या दगडाला केव्हाच शेंदूर लावला होता. त्याला मैलोबा म्हणत. पुढे नारळाच्या करवंट्या पडलेल्या असत.

उखर्डूराव थांबले. म्हणाले, “भाऊ, हाऊ शेंदूरना दगड मोजाना का सोडाना?”

मी सायकलवरून उतरलोही नाही. म्हणालो, “देव मोजीत नाहीत, उखर्डूराव. दगड मोजतात.”

हे वाक्य मला फार आवडले होते. संध्याकाळी कचेरीत ते मी दोघांना ऐकवले.

मैलोबा मोजला गेला नाही. तेहेतिसाव्या दगडावर बत्तीस आले, चौतिसाव्यावर तेहेतीस आणि तेथून पुढचे एकेचाळीस दगड एका आकड्याने मागे राहिले. उखर्डूरावांनी यादीत होते तेच आकडे काढले. सुबक काढले. त्यांच्या दोनाची शेपटी किंचित वर वळलेली असे.

दीड महिन्याने वरचे साहेब जीपमधून आले. जीपचा आकडा एक सांगे आणि दगड दुसरा. साहेब संतापले, म्हणाले, “तुमचे दगड खोटे बोलतात.” दुसऱ्या दिवशी सकाळी यादी हजर करायला त्यांनी सांगितले.

त्या सायंकाळी मी नवी यादी लिहिली. तीत बत्तीस जागच्या जागी होता. खाली जुनी तारीख घातली, ‘तपासले. बरोबर.’ असे लिहिले आणि सही केली. जुनी यादी कचेरीच्या मागे, चहाच्या चुलीत घातली. चुलीजवळ उखर्डूराव बसले होते. त्यांनी कागद ओळखला. त्याच कागदावरून महिनाभर आकडे उतरवले होते, ते ओळखणार नाहीत तर कोण?

सकाळी साहेबांनी त्यांना विचारले, “यादी बरोबर आहे, मग दगड कसे चुकले?” उखर्डूरावांनी माझ्याकडे पाहिले. मी दौतीचे झाकण घट्ट करीत होतो. ते म्हणाले, “मनीच चूक व्हयनी, साहेब.” कायम होण्याच्या यादीत त्यांचे नाव होते, त्याच दुपारी त्यांना कामावरून काढले. पुढे ते दुसऱ्याच्या शेतात राबले, हे मला ठाऊक होते. ठाऊक असूनही मी काही केले नाही.

ते गप्प का राहिले, हे मला आजही नीट कळलेले नाही. मी बायकोचा भाऊ, म्हणून? काम मी लावून दिले होते, म्हणून? तुलाही त्यांनी सांगितले नाही, हे तर मला परवा तुझ्या पत्रातून कळले. माणूस आपल्या घरातदेखील इतका गप्प राहू शकतो?

आता सतरावे पान. हितेंद्रला खात्याच्या जुन्या फायलीत ते प्रकरण सापडले. पुस्तिकेत त्याने लिहिले आहे: “उखर्डू नावाच्या रंगाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे काही काळ बेचाळीस दगडांवरचे आकडे चुकीचे होते.” मी त्यातले बेचाळीस खोडून एकेचाळीस केले. बाकीच्या वाक्यात व्याकरणाची एकही चूक नाही. सर्व पुस्तिका मी लाल करून टाकली आणि ते वाक्य तसेच राहू दिले. तीन आठवडे ते माझ्यापुढे तसेच आहे.

म्हणून मी चिंचफाट्याला जात होतो. मैलोबा अजून आहे. नव्या रस्त्याच्या कठड्यापलीकडे, उसाच्या रसाच्या गाड्याशेजारी. पुना नावाचा माणूस तो गाडा चालवतो. मला दगडावर बोट ठेवून पुटपुटताना त्याने पाहिले आणि हसून म्हणाला, “आबा, देवले मोजी राह्यनात का? रस प्या, डोकं थंड व्हई.”

प्रमिले, हे पत्र उखर्डूरावांसमोर मोठ्याने वाचून घे. भूमिकेला म्हणावे, एकही शब्द गाळू नकोस.

प्रेमराज

*

धुळे,
सोमवार, ता. २१ एप्रिल २०२५

प्रमिला,

तुझे उत्तर आले नाही. पोस्टमन गल्लीच्या तोंडाशी दिसला की मी फाटकात जाऊन उभा राहतो. तो लांबूनच हात हलवतो. ठीक आहे. उत्तर द्यावे, अशी तुझ्यावर सक्ती नाही.

छपाईपूर्वी मी हितेंद्रच्या घरी गेलो. सतरावे पान पुढे केले आणि म्हणालो, “हे वाक्य खोटे आहे.”

तो म्हणाला, “आबा, पण फाईल तर हेच सांगते.”

“फाईल मी लिहिली आहे.”

त्याने ते पान उलटे करून ठेवले. मग म्हणाला, “आबा, इतक्या वर्षांनी कोण विचारणार आहे? एक वाक्य काढून टाकू. विषय संपला. सत्कार तसाच ठेवू.”

मी म्हणालो, “काढायचे नाही. दुरुस्त करायचे.” आणि त्याच्या टेबलावर बसून लिहिले: “यादी करणारे कारकून प्रेमराज यांनी एक दगड मोजला नाही व नंतर यादी बदलली. उखर्डू यांनी दिलेले आकडे अचूक रंगवले होते.” छापून आले ते असे. काल प्रकाशन झाले. मी शेवटच्या रांगेत बसलो होतो. सत्काराची शाल कोणालाही दिली नाही. लताबाईंनी तेथेच ते पान वाचले. घरी परतल्यावर दारात चप्पल काढताना एवढेच म्हणाल्या, “प्रमिलाबाईंना मी दरवर्षी नावे ठेवली. तुम्ही ऐकत होतात ना?” मी ऐकत होतो.

आज सकाळी पुन्हा चिंचफाट्याला गेलो. का गेलो, हे सांगता येणार नाही, पाय निघाले.

मैलोबाच्या पुढच्या बाजूचा शेंदूर तसाच होता. रस्त्याकडच्या बाजूला मात्र दगड घासून स्वच्छ केलेला होता, त्यावर पांढरा रंग आणि पांढऱ्यावर काळ्या रंगात बत्तीस. दोनाची शेपटी किंचित वर वळलेली.

पुना आपणहून सांगू लागला, “आबा, काल दुपारले एक म्हातारा उना व्हता. त्यानी नात त्याले गाडीवर लिसन उनी. तो म्हातारा पहिले पाया पडना, मंग आकडा काढा. मी म्हनं, बाबा, देववर आकडा काब्रं? तर म्हने, हाऊ एक मोजाना राही गयथा.”

मी रसाचा पेला हातात धरून तसाच उभा राहिलो. पुना म्हणाला, “आबा, बर्फ वितळी गया.”

हे क्षमेचे चिन्ह आहे की राहिलेले काम पुरे करण्याची त्यांची जुनी सवय, हे मी ठरवणार नाही. ठरवण्याचा अधिकार मला नाही.

मंगळवारी, ता. २९ ला, सकाळच्या बसने मी येत आहे. मुराळी म्हणून येत आहे. ब्याऐंशी वर्षांचा मुराळी तुमच्या गावाने पाहिला नसेल. दारापर्यंत येणार नाही. तुमच्या फाट्यावर किलोमीटरचा दगड आहे, त्याच्याजवळ थांबेन. परतीची बस साडेचारची आहे. तोपर्यंत तू आलीस तर आपण मिळून घरी येऊ. लताबाईंनी सांजोऱ्यांचे सामान आणून ठेवले आहे. तू आली नाहीस आणि उखर्डूराव आले, तर मी त्यांच्यासमोर उभा राहीन आणि त्यांना जे म्हणायचे असेल ते ऐकेन. कोणीच आले नाही, तर पुढच्या आखाजीला पुन्हा त्याच दगडापाशी येईन.

पोस्टाची वेळ होत आली आहे. हे पत्र मी तपासलेले नाही.

प्रेमराज