फाट्यापासून घरापर्यंत

लोहारा, यवतमाळ
मंगळवार

प्रिय दादा,

काल तुझा फोन आला तेव्हा मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. ते "बरं" होकाराचं नव्हतं. तू बोलतोस तेव्हा फोनचा स्पीकर चालू असतो, आई बाजूला तांदूळ निवडत असते, वहिनी आतून काहीतरी विचारते आणि मला जे म्हणायचं असतं ते राहूनच जातं. म्हणून लिहितो आहे. लिहिताना मला कोणी मध्येच तोडत नाही.

तू दोन गोष्टी सांगितल्यास. येत्या रविवारी आपल्या बहिणीच्या, वैष्णवीच्या साक्षगंधाला येताना आम्ही नवरा-बायकोने फाट्यावर थांबायचं, सुरभीने मागे बसायचं आणि तिथून घरापर्यंत मोटारसायकल मी चालवत आणायची. ही एक. दुसरी अशी की नवरदेवाचे, रवीचे वडील बाकी पाहुण्यांच्या आधी एसटीने येणार आहेत, तर त्यांना फाट्यावरून गाडीवर बसवून मीच आणायचं. "पोराचा बाप तुह्या मागं बसून गावात आला का बिजलीबाईचं तोंड बंद," असं तू म्हणालास. दादा, दोन्हींचं उत्तर नाही असं आहे. का, ते सावकाश सांगतो. राग आला तरी शेवटपर्यंत वाच, कारण खरी बातमी शेवटी आहे.

आधी आमच्या रविवारांचं सांगतो, कारण त्यांच्याबद्दल तुला जे कळतं ते फक्त बिजलीबाईकडून. तिची लेक इथे लोहाऱ्यातच दिली आहे आणि आम्ही कुठे दिसलो की त्याच दिवशी आपल्या गल्लीत खबर पोचते. शनिवारी संध्याकाळी कारखान्यातून आलो की मी गाडी पुसतो, चेनला तेल देतो, हवा पाहतो, ब्रेक पुन्हा पुन्हा दाबून पाहतो. सुरभी दारात उभी राहून हसते. म्हणते, "चालवणार मी अन् घाम तुम्हाले." रविवारी सकाळची गोळी घेतली की आम्ही निघतो. कधी कळंबला चिंतामणीच्या पायऱ्या उतरतो. कधी निळोण्याच्या धरणावर भाजलेलं कणीस खात बसतो, कधी जांबच्या जंगलात नुसते हिंडतो. परतताना आलुबोंडा आणि वर झणझणीत तर्री. ती तर्री जास्त मागते आणि मग माझं पाणी पिऊन टाकते. मोठं असं काही नाही. पण तुला एक सांगू? मागे बसलेल्या माणसाला रस्त्याच्या दोन्ही बाजू पाहता येतात. मी गाडी चालवायचो तेव्हा मला फक्त पुढच्या चाकासमोरचं डांबर दिसायचं आणि छातीत धडधड व्हायची. आता मला पळस कुठे फुलले ते माहीत आहे, कोणाच्या तुरीवर अळी आहे तेही दिसतं. चालती गाडी आणि शांत मन हे दोन्ही एका वेळी मला लग्नाआधी कधी मिळालं नव्हतं.

हे सुरू कसं झालं ते तुला अर्धंच माहीत आहे. लग्नानंतरच्या पहिल्या महालक्ष्म्यांना सासरी, फुलसावंगीला मला जेवायला बोलावलं होतं. नवीन जावई म्हणून मला पाटावर बसवलं, सासूबाई विमलताई आग्रहाने पुरणपोळीवर तूप वाढत होत्या, आणि मी पडलो. पुढचं मला आठवत नाही, सांगितलेलं सांगतो. एक जण चप्पल घेऊन धावला, दुसऱ्याने कांदा फोडला. ती चप्पल माझ्या नाकाला लागणार तेवढ्यात सुरभीने ती हिसकली आणि अंगणात भिरकावली. सगळ्या पाहुण्यांसमोर, डोक्यावरचा पदर सावरायचंही भान न ठेवता ओरडली, "चपला हुंगवाले धावता, अन् त्यायचं डोकं पाटावर आपटून राह्यलं ते दिसत नाही का कोणाले?" तिने मला कुशीवर वळवलं, डोक्याखाली चादर दिली आणि सगळ्यांना दूर सारलं. तिच्या वसतिगृहात खोलीतल्या एका मुलीला असंच व्हायचं, म्हणून तिला काय करायचं ते ठाऊक होतं. नवऱ्याला होतं, हे मात्र तिला त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी सासरे, बबनराव, माझ्याजवळ खाट ओढून बसले. त्यांनी एवढंच विचारलं, "कवापासून, जवाई?" मी म्हटलं, नववीपासून. मग म्हणाले, "अतुलरावानं लग्नाआंधी सांगतलं असतं तं मी नाही म्हटलं असतं का? मलेच समजत नाही. पण इचारलं असतं तं बरं वाटलं असतं." त्या वाक्यात तुला शिवी नव्हती. असती तर मला सोपं गेलं असतं.

आपल्या घरात त्याला चक्कर म्हणतात. शाळेत फळ्यासमोर पडलो तेव्हा तू मला पाठीवर घेऊन घरी आणलंस आणि वाटेत जो भेटला त्याला सांगितलंस की उन्हाने चक्कर आली. नंतर मी थंडीत पडलो तरी ऊनच लागलेलं असायचं. शाळा सुटली तेव्हा घरची अडचण होती असं सांगितलं गेलं. मी त्याबद्दल तुला दोष देत नाही. बाबा गेलेले, तू स्वतः विशीत, पदरी दोन लहान भावंडं. तुला जे सुचलं ते तू केलंस आणि ते मला पाठीवर घेऊन केलंस. पण दादा, त्या रोगाचं नाव मिरगी आहे. मि ऱ्हस्व, गी दीर्घ. डॉक्टर अपस्मार म्हणतात. मी हा शब्द आज पहिल्यांदा लिहितो आहे आणि लिहून काहीही झालं नाही. पेन चालतंच आहे.

सुरभीने मला यवतमाळला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की ते सांगतील तोवर गाडी चालवायची नाही, विहिरीच्या काठावर एकट्याने जायचं नाही, जागरण करायचं नाही. मी रडकुंडीला आलो, कारण गाडी गेली म्हणजे फुलसावंगी गेली, आपलं गाव गेलं, रविवार गेले. दवाखान्याच्या बाहेर तिने माझ्या खिशातून किल्ली काढून घेतली आणि म्हणाली, "मंग मी चालवीन. त्यात रडाले काय हाय?" बबनरावांनी तिला शेतात डबा न्यायला म्हणून मोटारसायकल शिकवली होती. आम्ही पहिल्यांदा तसे फुलसावंगीला गेलो, ती पुढे आणि मी मागे, तर सगळी गल्ली ओट्यावर आली. बबनराव सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाले, "जवाई, पळवत तं नाही ना जास्त? म्या तिले गाडी शिकवली, ब्रेक शिकवाचा राहून गेला." लोक हसले आणि विषय तिथेच संपला. तिथे आता आम्हाला कोणी वळूनही पाहत नाही.

आपल्या गावात तसं झालं नाही. तिथे आम्ही आलो तर पारावरून बिजलीबाई ओरडली, "काहून रे कपिल, बायकोनं दत्तक घेतलं का तुले?" तेही मी हसून घालवलं असतं. पण त्या संध्याकाळी तू मला गोठ्यामागे नेलंस आणि म्हणालास की रस्त्यानं काय करायचं ते करा, फाट्यापासून घरापर्यंत तरी तू चालव, लोक काहून काहून विचारतात. मी ऐकलं. तेव्हापासून दर वेळी आम्ही फाट्यावर त्या बाभळीखाली थांबतो. ती हेल्मेट काढते, पदर घेते, मागे बसते. मी हँडल धरतो. बैलगाडीच्या वेगाने मी ते अंतर काढतो आणि तिचा हात माझ्या खांद्यावर असतो. पाहणाऱ्याला ते प्रेम वाटत असेल. ती पकड असते, मी हललो तर सावरायची.

भाऊबीजेला ती पकड पुरली नाही. ओढ्यावरच्या पुलियाच्या अलीकडे माझा डावा हात आपोआप उडाला, गाडी रस्त्याकडेच्या नालीत गेली आणि सुरभी तुरीत पडली. कोपर सोलून रक्त निघालं. घरी पोचल्यावर मी तोंड उघडायच्या आत तिनेच सांगितलं की कुत्रं आडवं आलं. आईने हळद लावली. मी तुला बाहेर बोलावून म्हणालो, दादा, कुत्रं नव्हतं. तू आधी आत वळून पाहिलंस, मग म्हणालास, "हळू बोल. वैष्णवीचं पाहणं चालू हाय." बस, एवढंच. सुरभीला खूप लागलं का, हेही विचारलं नाहीस. तुला तिची काळजी नाही असं मी म्हणत नाही. तुला भीती आहे, की घरात मिरगी आहे कळलं तर बहीण बिनलग्नाची राहील. पण त्या दिवसानंतर तुला पक्कं माहीत होतं की मी हँडल धरणं म्हणजे काय. आणि काल तू मला सांगितलंस की त्याच रस्त्यावरून, त्याच पुलियावरून, साठीच्या माणसाला माझ्या मागे बसवून आण. कोणाला शंका येऊ नये म्हणून.

दादा, बिजलीबाईचं तोंड बंद करायला मी रवीच्या वडिलांना नालीत घालणार नाही. माझ्या बायकोलाही पुन्हा घालणार नाही. गाव मला बायकोच्या मागे बसणारा म्हणत असेल तर म्हणू दे. ते खरंच आहे. मी बसतो, रोज बसतो, आणि सुरभी चांगली चालवते. तिच्याकडे लायसन आहे, माझ्याकडे नाही. आता आपल्या घरात लाज कशाची धरायची ते एकदा ठरवून घे. मी माझ्यापुरतं ठरवलं आहे.

आता खरी बातमी. परवाच्या रविवारी आम्ही फिरायला निघालो, असं मी आईला फोनवर म्हणालो होतो. रवीच्या वडिलांना फाट्यावरून आणायचं काम तू मला देणार आहेस, असं वैष्णवीनेच मला शनिवारी कळवलं होतं, तुझ्या फोनच्या आधी. मी तिलाच विचारलं की काय करू. ती म्हणाली, "सांगून दे. माह्या नावानं सांग. मोडाचं असन तं मेंदी लावाच्या आंधी मोडू दे. सुरभीवहिनीसारखं जेवता जेवता नको समजाले कोणाले." म्हणून आम्ही फिरायला न जाता दारव्ह्यावरून सरळ दिग्रसला गेलो, रवीच्या घरी. रवी होता, त्याचे वडील होते. मी रोगाचं नाव घेऊन सांगितलं, गोळ्यांचं सांगितलं, शाळा का सुटली ते सांगितलं. वैष्णवीला काही नाही, हेही सांगितलं. माझे हात थरथरत होते, पण ते नुसत्या भीतीने, तो फरक मला आता कळतो. रवीचे वडील म्हणाले, "मंग मले फाट्यावरून आणणार होते ते तुम्हीच का?" मी हो म्हणालो. त्यांनी आम्हाला चहा पाजला आणि घरात बोलून गुरुवारपर्यंत अतुलरावाला फोन करतो म्हणाले. तो फोन होकाराचा असेल की नकाराचा, मला माहीत नाही. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही आणि मी अंदाज करत बसणार नाही. तो फोन तुझ्या कानावर आदळायच्या आधी माझं अक्षर तुझ्या हातात असावं, म्हणून हे पत्र आज संध्याकाळच्या जीपने पाठवतो आहे. वैष्णवीवर ओरडू नकोस. ओरडायचंच असेल तर माझ्यावर ओरड, पण समोर ओरड, स्पीकरवर नको. रविवारी आम्ही येतो आहोत. सुरभी पुढे, मी मागे, दोघांच्या डोक्यावर हेल्मेट, थेट मांडवापर्यंत. आणि मांडव उतरवावा लागला असेल तरी येतो आहोत. मग वैष्णवीला सुरभी आपल्या मागे बसवून निळोण्याला नेईल आणि मी जीपने मागून येईन, कारण एका गाडीवर तिघं बसलेलं मला चालत नाही.

आईला नमस्कार, वहिनीला नमस्कार.

पाठीवरून उतरलेला, तरी तुझाच,
कपिल