तिसरं पिस्तूल

मामंजी, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण नेमबाजीच्या क्लबाच्या त्या रविवारचं मी कधी कुणाशी बोलले नाही. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणालात, "सूनबाई, भाकऱ्या झाल्या की चल. पिस्तूल निवडायचंय." मी परातीवरून मान वर केली. सासूबाई तिथंच लसूण सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "पिस्तूल निवडायला सून नेतात होय कुणी? भाजी आहे का ती?" तुम्ही चपला पायात घालत म्हणालात, "भाजीच समज. हिला किडकं वांगं टोपलीच्या तळातलंसुद्धा दिसतं." सासूबाई हसल्या नाहीत, पण नको असंही म्हणाल्या नाहीत. मी हात धुऊन पदर सारखा केला आणि तुमच्यामागून निघाले. वन्सं आमच्या पुढं दहा पावलं, जवळजवळ पळतच.

तुमची ही धाकटी लेक तेव्हा कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. एनसीसीत रायफल चालवलेली, आणि तुमच्या कंपनीच्या क्लबातले सुभेदार, फौजेतून निवृत्त होऊन आलेले, ते सांगायचे की पोरीचा हात हलत नाही, हिला पिस्तूल द्या. दसरा झाला की लगेच पुण्यात निवडीची स्पर्धा होती, तिथून पुढं राज्याच्या संघात. इकडं तळेगावचं एक स्थळ सांगून आलं होतं. घर चांगलं, मुलगा नोकरीचा. सासूबाईंनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "निवड झाली तर वर्षभर थांबते, मग काय उडवायचं ते उडव. नाही झाली तर मार्गशीर्षात अक्षता." वन्संनी मान डोलावली होती. म्हणजे वन्संचं पुढचं सगळं वर्ष त्या एका पिस्तुलावर येऊन ठेपलं होतं, आणि ते निवडायला आपण तिघं चाललो होतो.

क्लबाच्या कपाटात तीन जुनी पिस्तुलं होती. हवेची. बार नाही, दारू नाही. आतली स्प्रिंग दट्ट्या ढकलते, दट्ट्या हवा ढकलतो आणि हवा शिशाचा छर्रा. हे मला तुम्हीच वाटेत समजावून सांगितलं होतं, नाहीतर देवाधर्माच्या घरात पिस्तूल कसं येऊ द्यायचं, हेच माझ्या मनात होतं. क्लबाचा नियम असा की सभासदानं हवं ते घ्यावं, स्वखर्चानं दुरुस्त करावं आणि त्यावर खेळावं. सुभेदारांनी टेबलावर पोतं अंथरून तिन्ही मांडली. तुम्ही मला म्हणालात, "बघ." मी लगेच पहिल्यावर बोट ठेवलं. निळसर झाक असलेलं चकचकीत, लाकडी मूठ तुळतुळीत, मागं नेम सारखा करायचे दोन बारके स्क्रू. दुसरं नवंच होतं पण पत्र्याच्या खेळण्यासारखं हलकं. आणि तिसऱ्याला गंजाचे डाग, मुठीला तडा गेलेला, त्यावर वायरमनची काळी पट्टी गुंडाळलेली.

"हेच का?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, "दिसायला स्वच्छ आहे. मूठ छान आहे." तुम्ही म्हणालात, "बोहारणीकडून पातेलं घेताना काय बघतेस?" मी म्हटलं, "बूड बघते. वाजवून बघते." "मग इथं का नाही बघितलंस?" आवाज चढवला नव्हता, तरी माझे कान तापले. चार माणसांत तुम्ही मला बोललात ते तेवढंच. मग तुम्ही ते चकचकीत पिस्तूल माझ्या कानाशी धरलंत आणि नळी अगदी हळू हलवलीत. आत कुठंतरी टिक् झालं. नळी जिथं बिजागरीवर मोडून छर्रा भरतात त्या सांध्यात खेळ होता. दुसऱ्याचं तसंच, थोडं जास्तच. तिसरं तुम्ही कितीतरी वेळ हलवत राहिलात. काही वाजेना. नळी उजेडाकडं धरून आत बघितलंत आणि मलाही दाखवलंत. आतली, वळत गेलेल्या खाचांची चकरी स्वच्छ होती, एखाद्या शंखासारखी.

"मूठ मी करीन," तुम्ही म्हणालात. "चाप हलका करता येईल. नेमाच्या पट्ट्या नव्या बसवता येतील. वॉशर बदलता येईल. नळी आणि हा सांधा मात्र मला सात जन्मात करता येणार नाही. ते ज्याचं चांगलं, ते घ्यायचं."

वन्संचा चेहरा उतरला होता. "अण्णा, हे काय विहिरीतून काढलंय?" त्या म्हणाल्या. सुभेदार तंबाखू मळत म्हणाले, "राव, तुम्ही टूलरूमची माणसं, साचे-हत्यारं घडवणारी. पण हे भंगार हाय." तुम्ही पिस्तूल फडक्यात गुंडाळत होतात. "भंगार नाही सुभेदार, कच्चा माल आहे."

त्यानंतरचे दोन महिने मला नीट आठवतात. पहिली पाळी सुटली की तुम्ही चहा घेऊन ओट्याच्या कडेला बसायचात. एक दिवस म्हणालात, मळलेल्या कणकेचा गोळा दे. मला वाटलं भूक लागली. तुम्ही तो गोळा वन्संच्या मुठीत दिलात आणि म्हणालात, "पिस्तूल धरल्यासारखं दाब." बोटांच्या खाचा, तळव्याचा उंचवटा, सगळं कणकेत उमटलं. ते वाळवून त्याबरहुकूम तुम्ही शिसवीची मूठ कोरलीत, मोडक्या पलंगाच्या खुरातून. कणीक वाया जाते म्हणून मी हळहळत होते. तुम्हाला ते कळलं असावं, कारण वाळलेला गोळा तुम्ही स्वतः भिजवून गाईला घातलात. चापाचंही तसंच. आधी तो ओढायचा म्हणजे भरलेली कळशी ओढावी तसं. आत दोन बारीक खाचा एकमेकींत अडकतात, त्या तुम्ही दगडावर घासत राहिलात, रोज थोड्या. नियम असा की अर्धा किलो वजन चापाला टांगलं तरी तो सुटता कामा नये. तुम्ही माझ्या तराजूतलं अर्ध्या किलोचं माप मागून घ्यायचात, दोऱ्यानं टांगायचात आणि श्वास रोखून बघायचात. सासूबाई म्हणायच्या, "डाळ मोजायचं माप ते. त्याला पाप लागेल." तुम्ही म्हणायचात, "डाळीइतकंच खरं मोजतोय."

मग एका संध्याकाळी तुम्ही दट्ट्या बाहेर काढलात आणि चामड्याचा नवा वॉशर कापून मला दाखवलात. "ओळख पाहू." मी म्हटलं, "स्टोव्हच्या पंपात असतो तसा आहे." "तोच. त्याचा थोरला भाऊ." मी हसले. तुम्ही तो वाटीत तेलात भिजत ठेवलात. नंतर दोन दिवस फडक्यात दाबून दाबून तुम्ही तो जवळजवळ कोरडा केलात, तेही मी बघितलं होतं. पण भिजवल्याचं लक्षात राहिलं, टिपल्याचं नाही. का टिपता, ते मी विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाहीत.

पिस्तूल तयार झालं तेव्हा वन्सं ते हातातून खाली ठेवीनात. सुभेदार एकदा घरी चहाला आले आणि सासूबाईंना म्हणाले, "वहिनी, तुमची पोर आठ दिवसांत एकदाबी काळ्याच्या बाहेर गेली न्हाई." काळं म्हणजे कागदावरचा मधला गोल. सासूबाई म्हणाल्या, "मग तळेगावकरांना काय कळवू?" पण त्यांनी सुभेदारांच्या बशीत आणखी दोन बिस्किटं ठेवली, ती मी बघितली.

खंडेनवमीला तुम्ही सकाळीच कंपनीत गेलात, तिथल्या यंत्रांच्या पूजेला. हेही गेले. घरातली हत्यारं माझ्याकडे. विळी, खलबत्ता, शिलाई मशीन, तुमच्या कानशी, स्टोव्ह, सगळं पुसून पाटावर मांडलं. पिस्तूलही मांडलं. एकेकाला हळदीकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. दरवर्षी मी पूजेआधी मशीनला तेल घालते, विळीच्या खिळ्याला तेल लावते, स्टोव्हच्या पंपात दोन थेंब सोडते. चामडं सुकलं की पंप मारत नाही, हे माहेरी कुरुळीत आईनं शिकवलेलं. पिस्तुलात त्याचा थोरला भाऊ आहे, हे तुम्ही शिकवलेलं. परवा स्पर्धा. मला वाटलं, ह्याला कोरडं कसं ठेवू? मशीनचं तेल संपत आलं होतं. समईतलं तिळाचं तेल पळीत घेतलं. देवाचं तेल, त्यानं वाईट कसं होईल. नळीच्या मागच्या भोकातून आत सोडलं. पळीभर नाही, पण थेंबभरही नाही. वरून स्वच्छ पुसून घेतलं, हात जोडले आणि वन्संचं नाव घेतलं.

पूजेतली हत्यारं दुसऱ्या दिवसापर्यंत हलवायची नाहीत. दसऱ्याला घरात सोनं द्यायला माणसांची रीघ, क्लब बंद. म्हणजे त्या पिस्तुलातून पुढचा छर्रा सुटला तो थेट पुण्यात.

फटाका फुटावा तसा आवाज झाला. नळीतून धूर निघाला. ओळीतल्या सगळ्या मुलींनी हात खाली केले. तिथले पंच आले आणि म्हणाले, "बाई, हवेचंच आहे ना हे?" छर्रा कागदाच्या वरच्या काठाला लागला होता. वन्संनी मागं वळून तुमच्याकडं बघितलं. तुम्ही पुढं झालात, नळी मोडलीत, नाकाशी धरलीत. मी दोरीच्या बाहेर प्रसादाचा डबा घेऊन उभी होते, तिथपर्यंत वास आला. समईची वात तेलात बुडून विझली की येतो तो वास. मी तो ओळखला. दट्ट्यानं दाबलेली हवा तापते आणि जास्तीचं तेल पेटतं, हे मात्र मला पुढं कधीतरी कळलं. तुम्ही फडकं घालून नळी पुसलीत, आणखी काय करणार. पुढचे छर्रे वर गेले, मग वॉशर जळला तसे खाली पडू लागले. सुभेदारांनी कुणाचं तरी पिस्तूल मागून आणलं. त्याची मूठ वन्संच्या हाताची नव्हती. थोडक्या गुणांनी राहिलं.

घरी पिंपरीला येताना बसमध्ये सुभेदार म्हणाले, "मी म्हणलो होतो राव, भंगार हाय." तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "वॉशर माझा चुकला. चामडं कच्चं घेतलं." घरी आल्यावर सासूबाईंनाही तेच सांगितलंत. क्लबात तेच. ज्या माणसाला साहेब लोक केबिनमध्ये बोलावून ड्रॉइंग दाखवायचे, त्याला लोक वर्षभर हसत विचारत होते, "काय, कच्चा माल पक्का झाला का?" मार्गशीर्षात लग्न लागलं. तुम्ही पिस्तूल मुठीसकट क्लबात परत केलंत आणि पुन्हा तसलं काम हातात घेतलं नाहीत. एकदा जेवताना आपणहून म्हणालात, "निवडच चुकली असेल." मी भात वाढत होते. मी तूप वाढलं आणि आत गेले.

लग्नाची गडबड ओसरल्यावर तुम्ही टूलरूममधून एक छोटी तेलाची बुधली करून आणलीत, लांब नाकाची, खालून दाबली की टपकणारी. मला दिलीत. "कशालाही एकच थेंब, सूनबाई. जास्त झालं की जळतं." तुम्ही शिलाई मशीनकडे बघत बोललात, माझ्याकडे नाही. मी म्हटलं, "बरं." मला खरंच वाटलं मशीनसाठी आहे. तुम्ही गेल्यावर कितीतरी वर्षांनी एका दुपारी मशीनला तेल घालताना माझा हात थांबला. ज्याला नुसत्या वासावरून कुठल्या यंत्राचं तेल ते कळायचं, त्याला तिळाचं तेल कळलं नसेल? तुम्ही नळी नाकाशी धरलीत तेव्हाच तुम्हाला सगळं कळलं होतं. सासूबाईंसमोर, लेकीसमोर, चार माणसांत, सुनेचं नाव यायला नको म्हणून तुम्ही आपल्या हाताला बट्टा लावून घेतलात. आणि मी तो लागू दिला. मी रोज देवासमोर बसते, पण हे मी देवाला कधी सांगितलं नाही. त्याचंच तेल होतं, म्हणून असेल.

वन्संचं बरं आहे. तळेगावचं घर चांगलंच निघालं. शाळेत शिकवतात, मुलांना ओरडत नाहीत. अजून पहिल्याच झटक्यात सुईत दोरा ओवतात. गेल्या दिवाळीत आल्या होत्या. फराळ करताना कशावरून तरी विषय निघाला आणि त्या म्हणाल्या, "वहिनी, अण्णांनी ते चकचकीत घेतलं असतं ना, तर माझं आयुष्य काहीतरी वेगळंच झालं असतं." हसूनच म्हणाल्या. पण इतक्या वर्षांनीही त्यांच्या ते तोंडावरच होतं, लगेच सापडलं. मी त्यांच्या ताटात आणखी एक करंजी ठेवली.

निवड चुकली नव्हती, मामंजी. तिसरंच बरोबर होतं.

ही पानं मी पेटीत तळाशी ठेवीन. पहिल्या दोन पानांवर वर वन्संचं नाव लिहिलं होतं; ती फाडून चुलीत घातली. मग तुमचं लिहिलं. तुमच्याकडून उत्तर येणार नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.