म्होरक्या उकिडवा बसला

थोरल्या बहिणीला, काक रोगायाहला, धाकट्या मिस्बानचा सलाम. अल्लाच्या कृपेने तू, तुझी बदकं आणि तुझे गुडघे खुशाल असावेत. माझ्या गुडघ्यांचं विचारू नकोस, हे पत्र त्यांच्यापायीच लिहितोय.

गेल्या रविवारी गावप्रमुख पेंघुलूंच्या मुलीचं लग्न झालं. झापिन नाचायला अर्थात आमचाच संच, आणि तीस वर्षांच्या रिवाजाप्रमाणे म्होरक्या मी. (संच म्हणजे आता पाच म्हातारे. तरुण पोरं सिंगापुरात नोकरीला, उरलेल्यांना नाचायची लाज वाटते.) शेवटच्या जलद तालावर सगळ्यांनी उकिडवं बसायचं, ताडकन उठायचं आणि म्होरक्याने सलाम करायचा, तो होईस्तोवर ढोलकी थांबवायची नाही, हा आपल्या बापाचा दंडक. बसलो झकास. उठणं काही जमेना. ढोलकीवाले घामाघूम, नवरदेव घड्याळ बघतोय आणि मी अंडी उबवत बसल्यासारखा. तेवढ्यात स्वयंपाकाच्या मांडवातून तुझी भावजय सापियाह आली, हातातला डाव कुणाकडे तरी दिला, माझ्या पुढे उभी राहिली आणि सगळा मुआर जिला 'मिस्बानची गिरकी' म्हणतो ती घेतली. मग सलाम केला. टाळ्या पडल्या तेव्हाही मी खालीच होतो.

घरी मी पुष्कळ बोललो. झापिन पुरुषांचा आणि चूल बायकांची, हे पूर्वापार चालत आलंय म्हटलं. ती कांदा चिरता चिरता म्हणाली, "पूर्वापार तुम्ही उठतही होतात." आता गावाने ठरवलंय की येत्या शनिवारच्या लग्नात बायका नाचणार, म्होरकी सापियाह, आणि रेंदांग पुरुषांनी शिजवायचं. वयाचा मान राखून मला मुख्य आचारी नेमलंय. काल सराव म्हणून केलं, तर नारळाचं दूध फाटलं आणि मांस तळाला लागलं. इमामांनी एक घास खाल्ला आणि बराच वेळ दुआ मागितली.

तुझा अपमानित भाऊ,
मिस्बान

ता.क. तीनशे माणसांच्या रेंदांगला नारळ किती, ते लगेच कळव.

ता.क. दुसरा. सापियाहला गिरकी कुणी शिकवली, हे मी विचारलेलं नाही; मला ठाऊक आहे. बाप सराव घ्यायचा तेव्हा तू स्वयंपाकघराच्या फळ्यांच्या फटीतून बघायचीस आणि दुसऱ्या दिवशी तांदूळ पाखडता पाखडता मला शिकवायचीस; ती गिरकी तर तुझ्याच डोक्यातली. पुढे ही सून होऊन आली, तर तिलाही शिकवलीस. बापाने त्या गिरकीची शाबासकी मला दिली आणि तुला बघताना पकडल्यावर ती फट बुजवून टाकली. मी गप्प राहिलो, ते आजवर. शनिवारी सापियाहच्या उजवीकडची जागा तुझी आहे, ये. गिरकी कुणाची, असं कुणी विचारलंच तर खरं सांग. फक्त आधी मला चुलीपाशी जाऊ दे.